राजदीप आणि कमी पडलेले तीन गुण

राजदीपने सात पोलीस भरत्या दिल्या आणि सातही वेळा तो नापास झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात कुणालाही त्याच्याविषयी विचारा, सुरुवात इथूनच होते. मैदानी परीक्षेत पठ्ठ्या नेहमी पहिल्या पाचात. सोळाशे मीटर असा पळायचा की वेळ मोजणारा हवालदार घड्याळ हलवून बघायचा. घोडं पेंड खायचं ते लेखी परीक्षेत. शंभर प्रश्न, दीड तास. राजदीप त्यातले अडतीस सोडवायचा आणि अडतीसच्या अडतीस बरोबर यायचे. पास व्हायला लागतात चाळीस. एका वर्षी छत्तीस सोडवले, छत्तीस बरोबर. चुकला म्हणून हा माणूस कधीच नापास झाला नाही, पुढे पोचला नाही म्हणून झाला. आता वय तेहतीस ओलांडून गेलं, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

मी पुष्पाबाई. पारोळा-एरंडोल रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आमचं गाव आहे, तिथल्या हायस्कूलात पाचवी ते दहावीला मराठी शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. माझा आवाज बस थांब्यापर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणतात. जात असेल. चाळीस पोरांच्या वर्गात कुजबुजून व्याकरण शिकवता येत नाही.

राजदीप माझाच विद्यार्थी. दिवसा तो पारोळ्याच्या बाजार समितीत हमाली करतो आणि सकाळ-संध्याकाळ बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत भरतीच्या पोरांना शिकवतो. फुकट. त्याच्या हाताखालून गेलेली नऊ पोरं आज पोलिसात आहेत. त्यातल्या एकाने तर एरंडोलच्या चौकात राजदीपलाच विनाहेल्मेट पकडलं आणि 'सर, नियम म्हणजे नियम' असं म्हणून पावती फाडली. राजदीपने तीन दिवस ती पावती अभ्यासिकेत सगळ्यांना दाखवली. म्हणे, बघा, पोऱ्या किती प्रामाणिक निघाला.

त्याची शिकवायची एक पद्धत होती. तो पुस्तक हातात धरत नसे. एकाने प्रश्न मोठ्याने वाचायचा, हा डोळे मिटून ऐकणार आणि लगेच उत्तर सांगणार. घड्याळाचे काटे, आरशातल्या प्रतिमा, फोटोतली बाई कुणाची मावशी, विचारा काहीही. आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे. तो म्हणायचा, मोठ्याने वाचलं की सगळ्यांचा सराव होतो.

आता प्रज्ञाकडे येते. भिकनभाऊ गवंड्यांची ही मुलगी, यंदा दहावीला. तोंडी विचारलंत तर इतिहासाचं अख्खं पुस्तक सनावळीसकट म्हणून दाखवेल. कागद पुढे ठेवलात की संपलं. एक ओळ लिहायला पाव तास, आणि लिहिलेली ओळ तिची तिलाही वाचता यायची नाही. मी तिला आळशी म्हणत आले. 'हाताला मेंदी लागलीय का गं तुझ्या?' हे माझं ठरलेलं वाक्य. पाच वर्षं मी ते वापरलं, एवढ्या काळात खरी मेंदीसुद्धा कितीदा लागून निघून गेली असती.

गेल्या जुलैत योगेंद्र सर आले. हे फिरते विशेष शिक्षक. तालुक्यातल्या पासष्ट शाळा आणि एक मोटरसायकल एवढा त्यांचा संसार. त्यांनी प्रज्ञाला तासभर तपासलं आणि मला म्हणाले, बाई, ही आळशी नाही. हिला अध्ययन अक्षमता असावी. म्हणजे डोकं नीट चालतं, पण अक्षर आणि डोकं यांची गाठ पडत नाही. जळगावच्या केंद्रातून दाखला मिळाला तर दहावीला लेखनिक मिळेल. ही सांगेल, तो लिहील. पेपर वाचूनही दाखवेल. नाही मिळाला तर कोऱ्या कागदावर नापास होईल.

भिकनभाऊंचं ठरलेलं होतं. दहावी झाली तर पोरगी नर्सिंगला, नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. वाईट माणूस नाही, पण त्याच्या डोळ्यांपुढे तिसरा रस्ताच नव्हता. म्हणजे दाखल्यावर प्रज्ञाचं सगळं आयुष्य अडकलेलं.

बापलेक पहाटेच्या एसटीने जळगावला गेले. प्रज्ञाला बस लागते. एरंडोलपर्यंत दोनदा आणि पुढे धरणगाव फाट्याला एकदा असं करत पोरगी पोचली आणि तशीच ठोकळे जुळवायला बसली. तिथे तिला विचारलं, लिफ्ट मधेच बंद पडली तर काय करशील? ती म्हणाली, आमच्या गावात लिफ्ट नाही. गुण शून्य. विचारलं, दुकानातल्या फिरत्या जिन्यावर लहान मूल एकटं दिसलं तर? ती म्हणाली, जिना कशाला फिरेल? शून्य. आता यात चूक कुणाची, तुम्हीच सांगा.

पंधरा दिवसांनी निकाल आला. बुद्ध्यांक ब्याऐंशी. दाखला नाही.

मी योगेंद्र सरांना शाळेत बोलावून घेतलं. राजदीपही आला होता, भिकनभाऊंनी त्याला सोबत आणलं होतं.

"सत्तरच्या खाली आली असती तर बौद्धिक अक्षमतेचा दाखला मिळाला असता," सर म्हणाले. "पंच्याऐंशीच्या वर असती आणि वाचन-लेखन मागे असतं, तर अध्ययन अक्षमतेचा. ही मधे आली."

"मधल्यांना काय मिळतं?"

"काही नाही. त्यांना हळू शिकणारी मुलं म्हणतात."

"मग त्यांना मदत?"

"त्यांना रकाना नाही, बाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे अक्षमतेचा दाखला मिळायला माझी विद्यार्थिनी तीन गुणांनी कमी हुशार होती. अजून थोडी ढ असती तरी चाललं असतं, अजून थोडी हुशार असती तरी चाललं असतं. आहे तशी चालत नव्हती.

सर बिचारे काय करणार? ते माझी समजूत घालायला अध्ययन अक्षमतेची लक्षणं सांगत बसले. ओळ सुटते. अक्षरं जागा बदलतात. ऐकलेलं पक्कं राहतं. वाचायचं काम दुसऱ्यावर टाकायच्या युक्त्या मुलं शोधून काढतात. हुशार असूनही पेपर पुरा होत नाही, पण जेवढं सोडवतात तेवढं बरोबर असतं.

राजदीप खिडकीला टेकून उभा होता. म्हणाला, "सर, हाई वय वाढनं म्हंजे जास का?"

"जात नाही. माणूस वाट काढतो."

"हां," राजदीप म्हणाला. "वाट काढस."

मी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याच्याने बघवेना. दोन हजार एक साली तो पाचवीत होता. त्याला मी पट्टीने बोटांवर मारलं होतं. 'मी शुद्ध लिहीन' हे शंभर वेळा लिहायला लावलं, तर त्याने ते शंभर तऱ्हांनी अशुद्ध लिहून आणलं. मला वाटलं, माझी चेष्टा करतो. वह्या फाडून दिल्या होत्या मी त्याच्या, सगळ्या वर्गासमोर. बोलायला पाहिजे होतं तेव्हाच, पण सत्तावीस वर्षं बोलून चालवणारी बाई त्या दिवशी गप्प बसली. शरम वाटली, दुसरं काय.

राजदीपने मात्र विषय तिथेच सोडला. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. "सर, परीक्षेचं नाव काय सांगितलं? बुद्धिमापन?"

"हो."

"अन् कमी किती पडले? तीन?"

"तीन."

"तीन गुण म्हणजे काहीच नाही, बाई," तो म्हणाला. हा त्याच्या आवडीचा विषय होता. भरतीच्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणी असते आणि अख्ख्या तालुक्यात ती राजदीपइतकी कुणाला येत नाही. "पंधरा दिवसांत दहा वाढवून दाखवतो."

योगेंद्र सर म्हणाले, अहो, ही अशी तयारी करायची परीक्षा नसते. राजदीपने त्यांच्याकडे दयेने बघितलं. तयारी न करता द्यायची परीक्षा असते हे आमच्या गावात कुणाला पटवून दाखवा. सरांनी एवढं मात्र केलं, की मुलगी त्या दिवशी आजारी होती असा अर्ज देऊन फेरतपासणीची तारीख मिळवली. बोर्डाकडे सवलतीचे अर्ज जायची मुदत फेरतपासणीच्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

आणि मग गावात जे सुरू झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. विहारातल्या फळ्यावर राजदीपने पोरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'प्रज्ञा - तीन गुण'. पहाटे पाचला तयारी सुरू व्हायची ती धावण्यापासून.

"अरे, बुद्धी तपासायची आहे तिची. मैदानाला फेऱ्या कशाला?"

"बाई, दम पाहिजे," राजदीप म्हणाला. "दम नसला म्हणजे शेवटचे वीस प्रश्न जातात."

सहाला भिजवलेले हरभरे. सात ते नऊ ठोकळे. ठोकळे भिकनभाऊंनी फरशीच्या तुकड्यांचे करून दिले, लाल आणि पांढरे, एकेक घासून गुळगुळीत. संध्याकाळी भरतीची अकरा पोरं तिच्याभोवती बसून एकामागून एक प्रश्न वाचायची आणि ती राजदीपसारखेच डोळे मिटून उत्तरं द्यायची. तिसऱ्या दिवसापासून तिने अकरांपैकी सहा जणांना मागे टाकलं. ती पोरं हिरमुसली, त्यांचीच भरती तोंडावर आली होती.

एका रविवारी राजदीप तिला आणि भिकनभाऊंना घेऊन जळगावला गेला, फक्त लिफ्ट दाखवायला. बसमध्ये लिंबू हुंगत हुंगत पोरगी पोचली. कुठल्याशा पाच मजली इमारतीत तिघं अकरा वेळा वर-खाली गेले. प्रत्येक मजल्यावर राजदीप विचारायचा, आता बंद पडली, काय करशील? बाराव्या वेळी रखवालदाराने हाकललं. मग एका मोठ्या दुकानात फिरता जिना. भिकनभाऊंनी चप्पल काढून हातात घेतली आणि नमस्कार करून पाय ठेवला. प्रज्ञा आठवडाभर ते सांगून हसत होती.

मग राजदीप माझ्याकडे आला. "बाई, तुमचं एक काम शे. परीक्षा होईपर्यंत तिला वाचायला-लिहायला काही शिकवू नका. ते सुधरलं तर पुन्हा दाखला जाईल."

"म्हणजे मराठीच्या बाईने मराठी शिकवायचं नाही?"

"पंधराच दिवस."

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "पाच वर्षं शिकवलं तेव्हा काही सुधारलं नाही, पंधरा दिवसांत काय बिघडणार आहे."

तो हसला. मला हसू आलं नाही.

फेरतपासणीला मीही गेले. शाळेच्या बाईचं एक प्रपत्र लागतं असं कळलं होतं. केंद्रात नूतन मॅडम म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या. तरुण मुलगी, चष्मा, शांत बोलणं. मी, राजदीप आणि भिकनभाऊ दाराशी बाकड्यावर बसलो. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी ठोकळे काढले. प्रज्ञाने क्षणात जुळवले. राजदीपने माझ्याकडे बघून मान हलवली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता ही दुसरी आकृती."

"मॅडम," प्रज्ञा म्हणाली, "हे शिकवलेलं आहे. आधीचंही शिकवलेलं होतं. हे धरू नका."

राजदीपची मान हलायची थांबली.

"आणि लिफ्टचं विचारणार असाल तर तेही शिकवलेलं आहे. पण पुढच्या पानावरची चित्रं कुणी शिकवली नाहीत, ती माझी मी करते."

मी डोळे मिटून घेतले. या मुलीला मी पाच वर्षं 'खोटं बोलू नये' यावर निबंध लिहायला लावला होता. निबंध तिला कधी लिहिता आला नाही, आणि नको तिथे तेवढं मात्र शिकून बसली होती.

नूतन मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि बाहेर आल्या. "तुम्ही तिची तयारी करून घेतलीत?"

"पंधरा दिवस," राजदीप म्हणाला. त्याला अजून वाटत होतं की शाबासकी मिळेल.

"मग मी हे गुण धरू शकत नाही. शिकवून आलेली ती बुद्धी नव्हे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मग शाळेत आम्ही सत्तावीस वर्षं करतोय तरी काय, मॅडम? शिकवून येतं म्हणून तर पगार घेतो."

"बाई, ते वेगळं. ही चाचणी न शिकवता काय येतं ते बघते."

"मॅडम," राजदीप हळूच म्हणाला, "मागच्या वेळी लिफ्ट विचारली होती. जळगावच्या पोरीला लिफ्ट कोणी शिकवली? रोज वर-खाली जाऊन जाऊन ती शिकली. तिचं धरता. हिला आम्ही अकरा वेळा नेलं, तर हिचं धरत नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण मला खाली एकच आकडा लिहायचा असतो, आणि तो कशामुळे आला ते लिहायला जागा नसते."

घड्याळात साडेबारा झाले होते. भिकनभाऊ उठले आणि हात जोडून उभे राहिले. त्या माणसाने पंधरा दिवस कामावरून आल्यावर फरशीचे तुकडे घासले होते.

मॅडम आत गेल्या आणि कपाटातून दुसरीच पेटी काढली. तीत प्रश्नच नव्हते, नुसत्या आकृत्या होत्या. लिफ्ट नाही, जिना नाही, बोलायचंही नाही. "ही कुठल्याच क्लासवाल्याकडे नसते," असं म्हणून त्यांनी दार घट्ट लावून घेतलं. दोन तास. राजदीप तेवढ्या वेळात त्या व्हरांड्यात किती चालला असेल त्याचा हिशेब नाही. भिकनभाऊंनी तीनदा चहा आणला आणि तीनदा स्वतःच प्यायला विसरले.

तीनला दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "बुद्ध्यांक अठ्ठ्याऐंशी. वाचन-लेखन तिसरीच्या पातळीचं. दाखला देता येईल."

भिकनभाऊंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. राजदीपने प्रज्ञाच्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं, त्या आकृत्यांतली तिसरी रांग कशी होती, सांग बरं. असा तो माणूस.

राहिलं माझं प्रपत्र. संगणकासमोर एक कारकून बसला होता. तो प्रश्न विचारायचा, मी कागदावर लिहून द्यायची, तो टाइप करायचा. मुलीचं नाव. इयत्ता. जन्म दोन हजार नऊ. मग त्याने विचारलं, "विद्यार्थ्याची ही अडचण शिक्षकाच्या प्रथम केव्हा लक्षात आली? वर्ष लिहा."

साधा प्रश्न. पण मला वर्ष लिहिता येईना. समोर कागद होता, हातात पेन होतं, आणि मला फक्त वह्या दिसत होत्या, फाडलेल्या. राजदीप माझ्या मागेच उभा होता. मी लिहिलं, २००१.

कारकुनाने ते टाइप केलं, पुन्हा टाइप केलं आणि वर बघितलं. "मॅडम, मशीन घेत नाही. मुलीचा जन्म दोन हजार नऊचा. अडचण दोन हजार एकला कशी लक्षात येईल?"

"तेव्हाच आली होती," मी म्हटलं. माझा आवाज बस थांब्यापर्यंत काय, टेबलापर्यंतसुद्धा जाईना. "तेव्हाच दिसली होती. मी आळशी म्हटलं."

"अहो, पण जन्माच्या आधीचं वर्ष चालत नाही. साडेचार झालेत. पाचला पोर्टल बंद होईल."

मी पेन हलवलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात प्रज्ञा नव्हतीच. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला नीट प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं खरं उत्तर कुठेतरी नोंदवून ठेवायचं होतं.

राजदीप वाकला. त्या कागदावरचे चार आकडे त्याने बोट ठेवून एकेक करून वाचले. त्याला वेळ लागला. मग माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, खोडी टाका ते. तिनी परीक्षा शे, मन्ही नही."

परीक्षा तिची होती, त्याची नव्हती. मी खोडलं. वर २०१९ लिहिलं, प्रज्ञा पाचवीत आली ते वर्ष. तेही खोटं नव्हतं. मशीनने ते लगेच घेतलं.